कोरी पट्टी

नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामांत एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती: नत्थूजी मुकादमांच्या देखत ‘आज नेट लय स्लो आहे गा’ असं म्हणायचं नाही. म्हटलंत, तर अर्धा तास गेलाच म्हणून समजा. “माह्या पोरीले विचारा,” इथून सुरुवात व्हायची आणि सावनेर, कळमेश्वर, कन्हान असा दौरा करून, समोरच्याचा चहा गार झाल्यावरच मुकादम थांबायचे. कामिनी धकाते ती हीच पोरगी. वडिलांची ही कीर्तनं कानावर आली की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण खोटं कशाला बोला, आतून बरंही वाटायचं.

कारण म्हातारा बढाई मारत असला, तरी थाप मारत नव्हता. कामिनीची कंपनी नागपूर जिल्ह्यातल्या बँकांना, शाळांना, दवाखान्यांना नेटवर्क पुरवायची. सावनेरहून नागपूरला येणारी सगळी वाहतूक वर्षानुवर्षं कळमेश्वर-वाडीच्या एकाच फायबरवरून यायची आणि सकाळी अकरा वाजले की ती लाइन गच्च व्हायची. दुसरी फायबर होती, कन्हानवरून. पण ती अडीअडचणीसाठी राखून ठेवलेली, पाहुण्यांच्या कपबशांसारखी. पाहुणे काही येत नव्हते आणि घरचे फुटक्या कपातून चहा पीत होते. कामिनी दीड वर्ष सगळ्यांच्या मागे लागली, आराखडा तीनदा केला, आणि अखेर वजन दोन्ही रस्त्यांवर वाटून दाखवलं.

आता हे वाटणं वाटतं तितकं सोपं नाही. या नेटवर्कात माहितीच्या प्रत्येक पुडक्यावर, म्हणजे पॅकेटवर, आत शिरतानाच एक लेबल चिकटवतात. मधल्या राउटरने आतला माल बघायचा नसतो. लेबल वाचायचं आणि पुढच्या दाराकडे ढकलायचं, इतकंच. हे तिनं पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा नत्थूजी खो खो हसले होते. “एवढंच? हे तं आपन तीस वर्षापासून करून राहिलो! मार्का वाचाचा अन् गठान फेकाची!” मार्का म्हणजे गठाणीवर व्यापाऱ्याची खूण. नत्थूजींचे वडील मागावर बसायचे, नत्थूजी मागावरून उठून वाडीला हमालीत आले आणि हमालांचे मुकादम झाले. गठाणींतलं त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

कामिनीला फक्त एक पथ्य पाळायचं होतं. वाडीचा रस्ता जवळचा, कन्हानचा लांबचा. एकाच संभाषणाची पॅकेटं अर्धी इकडून, अर्धी तिकडून सोडली तर मागची आधी पोचतात आणि सगळा घोळ होतो. म्हणून बँक या रस्त्याने गेली तर सगळी बँक याच रस्त्याने, शाळा त्या रस्त्याने तर सगळी शाळा त्याच. नत्थूजींच्या भाषेत, एका बिल्टीचा, म्हणजे एका पावतीचा, माल एकाच गाडीत.

गेल्या महिन्याच्या एक तारखेला दोन्ही रस्ते सुरू झाले. दुपारभर सावनेरहून तक्रारीचा एकही फोन आला नाही, तेव्हा कामिनीने ऑफिसात सगळ्यांना तर्री-पोहे खिलवले.

आणि पंधरा दिवसांनी खाप्याचा डोळा फुटला. म्हणजे पडद्यावर फुटला.

नागपुरातल्या एका नेत्र रुग्णालयाची सावनेरच्या पलीकडे पाच केंद्रं आहेत. तिथे पेशंट यंत्रावर हनुवटी टेकवून बसतो आणि नागपुरात बसलेल्या डॉक्टरला त्याचा डोळा पडद्यावर थेट दिसतो. म्हाताऱ्या माणसांची एसटीची दगदग वाचते. चार केंद्रांचं चित्र लख्ख येत होतं. पाचव्या, खापा गावच्या केंद्राचं मात्र विस्कटलं होतं. बुबुळ एकीकडे, पापणी दुसरीकडे, मध्ये काळे पट्टे.

“कामिनीताई,” डॉक्टर धम्मानंद फोनवर म्हणाले. माणूस अतिशय शांत, आणि शांत माणसाने तक्रार केली की ती जास्त लागते. “मले पेशंटचा मोतीबिंदू पाहाचा आहे, अन् मले गोधडी दिसून राहिली.”

“सर, तुमच्याकडे काही बदललं का?”

“काहीच नाही.”

गिऱ्हाईक नेहमी हेच सांगतं. घर जळत असलं तरी सांगेल, काहीच बदललं नाही. पण यावेळी कामिनीकडे विश्वास ठेवण्यावाचून दुसरं काही नव्हतं. आठ दिवस ती सगळ्या लाइनी तपासत बसली. खाप्याहून नागपूरला येताना चित्र तुटतं आणि नागपूरहून खाप्याला जाताना काहीच तुटत नाही, एवढंच तिला कळलं. का, ते कळेना.

गुरुवारी सुशील सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. सुशील नागपूर ऑफिसचे प्रमुख. मनाने वाईट नाहीत, पण पुण्याहून मोठ्या ऑफिसचा फोन आला की खुर्चीत बसल्या बसल्या उभे राहिल्यासारखे बोलतात.

“उद्या पाच वाजता मीटिंग आहे. तोपर्यंत कारण नाही सापडलं तर दोन रस्त्यांचं काम बंद. कन्हानची लाइन पुन्हा राखीव. अन् नागपूरचं रूटिंग यापुढे पुण्याहूनच पाहू, म्हणतात.”

“अन् मी काय करू?”

सुशील सर कॅलेंडरकडे बघू लागले. “तक्रारीचे फोन घ्यायला माणसं कमी आहेत, म्हणतात.”

कामिनी पुढे सरकली. “सर, चार केंद्रं ठीक आहेत, एकच बिघडलंय. रस्त्यात दोष असता तर पाचही बिघडले असते.”

“असं सांगशील का डॉक्टरले, की पाचातले चार डोळे तं चांगले आहेत?”

कामिनी केबिनमधून बाहेर आली. तिला नोकरीची एवढी भीती नव्हती. नेटवर्कचं काम येणाऱ्या माणसाला कुठेही भाकरी मिळते. तिला झोंबलं ते वेगळंच. दोन वर्षांपूर्वी पुण्याची जागा नाकारून ती इथे थांबली होती, नागपूरचं काम नागपुरात बसून करून दाखवीन म्हणून. आता ते काम हातातून जाणार, आणि सगळे मान हलवून म्हणणार, बघा, तिथून हे व्हायचं नाही.

शुक्रवारी सकाळी दहालाच ती वाडीच्या खोलीवर गेली. अमरावती रोडवर, नत्थूजींच्याच गोदामाच्या वरच्या मजल्यावर ही खोली कंपनीने यंत्रांसाठी भाड्याने घेतली होती. जागा शोधत होते तेव्हा नत्थूजींनीच दाखवली. सावनेरहून निघालेली जवळच्या रस्त्याची लाइन आधी इथे पोचायची. कामिनीने लॅपटॉप जोडला, खाप्याच्या केंद्रावरच्या अंजूला एक पेशंट यंत्रासमोर बसवायला सांगितलं आणि येणारी पॅकेटं मोजायला घेतली.

एक, दोन, चार, सात, आठ, अकरा.

तिने डोळे चोळले. कन्हानच्या खोलीवर तिचा सहकारी वैभव होता. त्याला फोन लावला. “तुझ्याकडे खाप्याचं काही येऊन राहिलं का?”

“येऊन राहिलं ना. तीन, पाच, सहा, नऊ, दहा.”

म्हणजे सावनेरचा राउटर एकाच डोळ्याचं चित्र फाडून दोन गाड्यांत भरत होता. नेमकं जे करायचं नाही म्हणून तिने दीड वर्ष जिवाचं रान केलं होतं, तेच. लेबल सगळ्यांवर एकच होतं, तिने तपासलं. राउटरला दिलेल्या सूचना चारदा वाचल्या. एकही शब्द चुकलेला नव्हता. मग हा बाबा फाडतो कशाला? बारा वाजले तरी ती त्याच पडद्याकडे बघत होती. रडू येत नव्हतं, इतका राग आला होता.

“वं कामिनी! जेवतं का नाई?” खालून हाक आली.

नत्थूजींनी फलाटावर, ट्रक लागतात त्या ओट्यावर, दोन गठाणी ओढून बैठक केली होती. डब्यात पोळ्या, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी. शेजारी बाबनराव हमाल दाभण आणि सुतळी घेऊन एका पोत्यावर पांढऱ्या कापडाची पट्टी शिवत बसले होते. कामिनीने दोन घास खाल्ले आणि हात थांबला.

“काय झालं? आज त्यायची मीटिंग आहे ना?”

“एका बिल्टीचा माल दोन गाड्यांत जाऊन राहिला, बाबा. लेबल बरोबर आहे. तरी तो राउटर माल फाकवते.”

नत्थूजींनी घास चावून संपवला. “लेबलाच्या खाली काय लिवलं आहे?”

“खालचं तो वाचतच नाही.”

“वाचत नाई, का वाचू नये?”

कामिनीने वर बघितलं.

“हे दोन अलग गोष्टी आहेत, माय,” नत्थूजी म्हणाले. “तुह्या त्या हमालाले कोनी शहान्यानं सांगून तं नाई ठेवलं, का बावा, जरा खालचंबी पायत जाय म्हनून?” मग ते बाबनरावांकडे वळून म्हणाले, “बाबन, चहा सांगून ये बरं तीन.” बाबनरावांनी दाभण पोत्यात खोचून ठेवली आणि ते गेले. ते टपरीपाशी पोचेपर्यंत नत्थूजी बोलले नाहीत.

“तू आठवीत होती. उमरेडच्या साड्या होत्या, अकोल्याले जाच्या. लग्नसराई. बारदान भेटलं नाई म्हनून व्यापाऱ्यानं खताच्या जुन्या पोत्यायत भरून धाडल्या. मार्का वर बराबर होता. पन त्या दिवसायत मी लय हुशार झालो होतो. हमालायले सांगून ठेवलं होतं, नुसता मार्का वाचत टाइम घालवू नका. खाली आकडा दिसला का त्या नंबरच्या दाराले लावा, भीड कमी होते. अन् होत होती कमी! मालक खूश होता माह्यावर.”

“मग?”

“मंग काय? त्या पोत्यायवर खतवाल्याचा जुना छापा. कोनावर दोन, कोनावर पाच. आमच्या लोकायनं दोनचा माल दोनच्या दाराले लावला, पाचचा पाचच्या. अर्ध्या साड्या अकोल्याले गेल्या, अर्ध्या चंद्रपूरले. तिकडे अक्षता पडल्या, अन् नवरीचा बस्ता चंद्रपूरच्या गोदामात.” नत्थूजींनी डब्याचं झाकण लावलं. “मुकादमी गेली. वर्षभर पाठीवर वाह्यला माल.”

कामिनीला ते वर्ष आठवत होतं. संध्याकाळी बाबा पालथे पडलेले असायचे आणि आई कापडात गुंडाळलेली गरम वीट त्यांच्या कमरेवर फिरवायची. बाबांची पाठ धरली आहे, असं आई सांगायची. आठवीतल्या पोरीने ते खरं मानलं आणि पुढे कधी विचार केला नाही. वाडीभर तिची कीर्तनं करणाऱ्या या माणसाने स्वतःचं एवढं ओझं घरात कुणालाही दिसू दिलं नव्हतं.

“तवापासून ही पट्टी,” नत्थूजी बाबनरावांच्या पोत्यावर हात ठेवून म्हणाले. “कोऱ्या मांजरपाटाची. आधी जुन्या छाप्यावर पट्टी शिवाची, मंग मार्का. हमाल खाली पाहो का वर पाहो. कोऱ्या कपड्यावरून कोनी काय अंदाज लावन?”

“अंदाज,” कामिनी म्हणाली.

ती उठली, खरकटा हात तसाच घेऊन जिना चढली, आणि तीन पायऱ्या उरल्यावर परत खाली येऊन हात धुऊन गेली.

अंदाज! राउटरच्या जाडजूड पुस्तकात हे तिने कधीतरी वाचलं होतं आणि विसरली होती. वजन आणखी चांगलं वाटता यावं म्हणून राउटर बनवणाऱ्या शहाण्यांनी त्याला एक सवय लावून ठेवलेली असते. लेबलाखाली हळूच डोकवायचं. खालचा पहिला आकडा चार किंवा सहा असला, तर हे इंटरनेटचं साधं पॅकेट आहे असं समजायचं, कारण ती पॅकेटं याच आकड्यांनी सुरू होतात, आणि आतले पुढचे आकडे वाचून कोणता रस्ता ते ठरवायचं. बहुतेक वेळा अंदाज खरा ठरतो. पण रुग्णालयाची लाइन तशी नव्हती. तिच्यात लेबलाच्या खाली सगळ्यात आधी येत होता तो नागपुरात चित्र स्वीकारणाऱ्या कॉम्प्युटरचा पत्ता, कारखान्यातून निघतानाच त्याच्यावर कोरलेला. त्याच्यापुढचे आकडे दर पॅकेटला बदलणारे. ते वाचून रस्ता ठरवणाऱ्या राउटरने दर पॅकेटला नवी गाडी पकडली असती.

पाच केंद्रांसाठी नागपुरात पाच कॉम्प्युटर होते. तिने त्यांचे पत्ते काढले. चौघांचे पहिले आकडे शून्य, शून्य, आठ, शून्य. आणि खाप्याच्या कॉम्प्युटरचा पत्ता सुरू होत होता चारने.

तिने डॉक्टर धम्मानंदांना फोन लावला. “सर, खाप्याचं चित्र येतं तो कॉम्प्युटर नवा आहे का?”

“कॉम्प्युटर? तो तं बदलला, मागच्या बुधवारी. पण तो आमच्या टेबलावर आहे ताई, तुमच्या लाइनचं त्याच्यात काय?”

कामिनी मोठ्याने हसली. डॉक्टरांना ते विचित्र वाटलं असणार.

उपायही जुनाच होता, फार पूर्वी कुणीतरी काढून ठेवलेला. लेबल आणि माल यांच्या मध्ये एक छोटी चिठ्ठी घालायची, शून्याने सुरू होणारी. कंट्रोल वर्ड म्हणतात तिला. राउटर खाली डोकावला तरी त्याला चार दिसत नाही, सहा दिसत नाही, म्हणून तो गुमान लेबलावर जातो. कोरी पट्टी, दुसरं काय! एका ओळीचं काम. ही ओळ घालायला कामिनीने केंद्रांच्या लाइनींसाठी स्वतः बनवलेला सूचनांचा साचा उघडला, आणि तिचं हसू तिथेच संपलं.

ओळ तिथे होती. बंद करून ठेवलेली. पुढे शेरा होता: ‘तात्पुरतं बंद. का. ध.’

का. ध. म्हणजे कामिनी धकाते. दोन वर्षांपूर्वी एका केंद्रावरचं जुनं यंत्र या चिठ्ठीने अडायचं, म्हणून तिने ती काढली होती. ते यंत्र चार महिन्यांत भंगारात गेलं. शेरा राहिला. आपल्याकडे तात्पुरत्या गोष्टीला मरण नसतं. तात्पुरता पूल नातवंडांच्या लग्नापर्यंत उभा असतो, तात्पुरतं छप्पर घराच्या आधी पडत नाही. रस्ता एकच होता तोवर चिठ्ठी नसल्याने काही बिघडलं नाही. रस्ते दोन झाले, ते तिनेच केले, आणि कोऱ्या पट्टीवाचून माल सोडला तोही तिनेच. उरलेली चार केंद्रं केवळ नशिबाने शाबूत होती.

पावणेचारला तिने खाप्याच्या आणि नागपूरच्या, दोन्ही टोकांना ती ओळ चालू केली. लाइन क्षणभर पडली, पुन्हा उभी राहिली. अंजूने एका आजीबाईंना यंत्रासमोर बसवलं होतं.

“अंजू, त्यायले वर पाहायले सांग,” फोनवर डॉक्टरांचा आवाज आला. “आता डावीकडे. हां.” कामिनीने टेबलाची कड घट्ट धरली होती. “कामिनीताई, आखा डोळा दिसून राहिला. पापणीचे केस मोजून देऊ का?”

वाडीच्या खोलीतही एक, दोन, तीन, चार, पाच सगळे ओळीने येत होते.

सुशील सर फोनवर इतके खूश झाले की दोनदा ‘शाबास’ म्हणाले. “झकास. कारण लिहून टाकू, रुग्णालयाने न कळवता कॉम्प्युटर बदलला. खोटं आहे का?”

“खोटं नाही सर. पण चिठ्ठी मीच बंद ठेवली होती. साच्यात.”

सर आवाज खाली आणून म्हणाले, “हे कोणी विचारलं तुला? पुण्यावाले आधीच टपून बसले आहेत. उरलेली चार केंद्रं सोमवारी गुपचूप बदलून टाकू. तू काहून आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतं?”

“बरं,” कामिनी म्हणाली. आणि खरं सांगायचं तर तेव्हा तिच्या मनातही तेच होतं.

पाच वाजता लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली. पुण्याहून मुग्धा मॅडम आणि त्यांच्याकडची सहा माणसं, नागपूरहून सुशील सर, आणि वाडीच्या खोलीतून एकटी कामिनी. मुग्धा मॅडमचं बोलणं मोजून मापून. त्यांच्यासमोर कामिनी इस्त्री केल्यासारखी मराठी बोलायची. तिने राउटरचा अंदाज, चारचा आकडा, चिठ्ठी, सगळं समजावलं.

“उत्तम शोधलंत,” मॅडम म्हणाल्या. “म्हणजे ग्राहकाने न कळवता यंत्र बदललं. चूक त्यांची.”

“हो मॅडम,” सुशील सर लगेच म्हणाले.

इथेच संपलं असतं. कामिनीने फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायला काही लागत नाही. पण तिला दुपारचा बाप दिसत होता. चूक सांगितल्याशिवाय उपाय सांगता येत नव्हता, म्हणून पोरीसाठी सोळा वर्षांचं झाकलेलं उघडणारा.

“नाही मॅडम,” ती म्हणाली. “चूक माझी आहे.”

सुशील सरांनी पडद्यावर डोळे मिटून घेतले. कामिनीने साचा उघडून सगळ्यांना दाखवला. ‘तात्पुरतं बंद. का. ध.’

“मी ही ओळ दोन वर्षांपूर्वी बंद केली आणि विसरले. दोन रस्ते सुरू करण्याआधी तपासायला हवी होती, तपासली नाही. ग्राहकाने उद्या दुसरा कॉम्प्युटर आणला तरी लाइन तुटायला नको. ती जबाबदारी आमची आहे, त्यांची नाही.”

“तुम्ही हे सांगितलं नसतं, तर आम्हाला कळलं असतं?”

“नाही.”

“मग सांगितलंत का?”

“साचा माझ्या नावाने फिरतोय, मॅडम. आणखी कोणी तो उचलला असेल तर त्याला कळायला हवं.”

मुग्धा मॅडमनी मान वळवली. त्यांच्या बाजूला कुणीतरी भराभर टाइप करत होतं. मग त्या माणसाने वाकून मॅडमच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि मॅडमचा मोजूनमापूनपणा पहिल्यांदाच जरासा ढळला.

“कामिनी, तुमचा साचा आम्हीही वापरतो आहोत. तीन जिल्ह्यांत. एकशे बारा लाइनींवर.” त्या थांबल्या. “तुमच्या ‘तात्पुरतं’सकट. ‘का. ध.’सकट. इथे कुणीही तो वाचलेला नाही.”

हसावं की नाही, हे सहाही जणांना ठरवता येत नव्हतं.

“सुशील, दोन्ही रस्ते चालू ठेवा,” मॅडम म्हणाल्या. “आणि नागपूरचं काम इकडे आणायचा विषय काढायला आता मला तोंड नाही. कामिनी, या एकशे बारा लाइनी तुम्हीच दुरुस्त करा. तिथूनच.”

कामिनी जिना उतरली तेव्हा नत्थूजी फलाटावर उभे होते, कामात असल्याचं दाखवत. तासाभरापासून एकच गठाण इकडची तिकडे करत असावेत. आजूबाजूला दहा-बारा हमाल ट्रक भरत होते आणि बाबनराव पोत्यावर बसून पट्टी शिवत होते.

“सापडलं, बाबा. कोरी पट्टी नव्हती. तीच घातली.”

नत्थूजींचा चेहरा फुलला. “म्हनलो नोतो?”

“पट्टी मीच काढून टाकली होती. दोन वर्षांआधी. मीटिंगमध्ये सांगून टाकलं सगळ्यायसमोर, चूक माझी म्हणून.”

फुललेला चेहरा तसाच थांबला. “अन् काम?”

“काम इथंच आहे. त्यांच्याकडचंबी मलेच दिलं.”

खांद्यावरच्या दुपट्ट्याने नत्थूजींनी तोंड पुसलं, मान पुसली, पुन्हा तोंड पुसलं. मग एकदम वळून ओरडले, “थांबा गा सारे! खाली ठेवा ते गठान!”

हमाल थांबले.

“माही पोरगी चुकली आज,” नत्थूजी म्हणाले. आवाज फलाटाच्या टोकापर्यंत जात होता. “अन् पुन्याच्या साऱ्या सायबायसमोर म्हनली, चूक माही. मी तिचा बाप. मले सोळा वर्षात नाई जमलं ते. अकोल्याच्या साड्या फाकल्या तवा मालकानं विचारलं, आकडा पायाले कोनं सांगतलं? मी म्हनलो, बाबननं आपल्या मनानं केलं. मुकादमी माही गेलीच, पन महिनाभर त्यालेबी घरी बसवलं. सांगनारा मी होतो. बाबन नाई, मी.”

ट्रकचा ड्रायव्हरसुद्धा बिडी विझवून बघत राहिला. बाबनरावांनी दाभण ओढून टाका पुरा केला, सुतळी दाताने तोडली आणि मग वर बघितलं.

“मले मालूम आहे ना, मुकादम. मीच तं होतो तिथं.” ते पोत्यावर जरा बाजूला सरकले. “सोळा वर्सं लावले गा तुमी. बसा आता.”

नत्थूजी बसले. बाबनरावांनी त्यांच्या हातात पांढऱ्या कापडाचं दुसरं टोक दिलं, धरायला. कामिनी शेवटच्या पायरीवर उभी होती, आणि हा माझा बाप आहे, हे त्या दहा-बारा जणांना ओरडून सांगावं असं तिला वाटत होतं, जसं काही त्यांना ते ठाऊकच नव्हतं.